गॅलरीच्या हद्दीवरचा पानओवा

मी पानओवा. हो, तोच, रॉकेलच्या अर्ध्या कापलेल्या डब्यातला. तुम्ही जिना चढून आलात, घाम पुसलात आणि बोलता बोलता माझं एक पान चुरगळून नाकाला लावलंत. मला विचारलंत का? नाही. गिरगावात मला कुणीच विचारत नाही. आता पान तोडलंच आहे, तर जरा टेका इथं कठड्याला आणि माझंही चार शब्द ऐकून घ्या.

माझी पानं जाड, मऊ, अंगावर बारीक लव. नुसता हात लागला तरी ओव्याचा वास सुटतो. खोकला म्हणू नका, पडसं म्हणू नका, लहान मुलाचं पोट म्हणू नका, सगळ्याला मी. पण मान कुणाला? तुळशीला. तिला वृंदावन, तिला संध्याकाळचा दिवा, कार्तिकात तिचं लग्नसुद्धा. मला काय, तर लोकांचा खोकला. वर्षभर ढुंकून बघायचं नाही आणि घशात जरा खवखवलं की "अगं, ओव्याचं पान आहे का गं तुमच्याकडे?" मी तक्रार करत नाही. म्हणजे करतोय, पण माझा स्वभावच तिखट आहे त्याला काय करणार. रस चाखलेल्यांना ठाऊक आहे.

माझं मूळ वरळीच्या कोळीवाड्यातलं. तिथं गुणवंती कोळणीच्या मागीलदारी, सुकत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत मी ऐसपैस पसरलो होतो. गुणवंती रोज सकाळी पाटी घेऊन गिरगावात यायची आणि ठाकूरद्वारच्या आतल्या गल्लीतल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राजलक्ष्मीबाईंच्या दारात ती पहिली बसायची. घर प्रभूंचं. मुंबईतलं जुनं, खाण्यात चोखंदळ. पापलेटाचे कल्ले स्वतः उघडून बघितल्याशिवाय राजलक्ष्मीबाई पुढचं बोलत नसत.

त्या घरात दोन भाऊ. थोरले कमलाकांतराव, राजलक्ष्मीबाईंचे यजमान. धाकटा चिंतामणी, त्याची बायको सुमती. दोन खोल्या, एक चूल, समोर एक लांब गॅलरी. थोरल्यांना मूलबाळ नव्हतं. धाकट्यांना मुलगी झाली, सुनंदा, आणि बाळंतपणानंतर सुमतीनं जे अंथरूण धरलं ते लवकर सोडलंच नाही. तेव्हापासून पोर राजलक्ष्मीबाईंच्या मांडीवर. दूध त्या पाजणार, न्हाऊ त्या घालणार, रात्रभर खांद्यावर घेऊन येरझाऱ्या त्या घालणार. पोरीची छाती जन्मापासून नाजूक, सदा घरघर. म्हणून त्यांनी गुणवंतीकडे माझी एक फांदी मागितली.

गुणवंतीनं दुसऱ्याच दिवशी फांदी आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून, पाटीच्या कडेला खोचून. पण देईना. म्हणाली, "मांगून नेल्यालं रोप लागत नाय गो बाय. चोरून नेल्यालंच लागतं. मी तिकडं बगतंय, तू चोर."

आता बघा. नाकात मोत्याची नथ, अंगावर नऊवारी, ज्यांच्या आजेसासऱ्यांच्या नावाची गल्लीत पाटी होती म्हणतात, त्या राजलक्ष्मीबाईंना कोळणीच्या पाटीतून चोरी करायची होती. त्या लाजल्या, इकडं तिकडं पाहिलं, बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगटावर हात धरला. गुणवंती आपली छताकडं डोळे लावून, "तुमच्या चालीला चुना कवा काढनार गो?" असं मोठ्यानं विचारत बसली. चोरी झाली. दोघी पदरात तोंड खुपसून हसल्या. अशी माझी गिरगावातली एन्ट्री. चोरीचा माल आहे मी, आणि अशी सभ्य चोरी तुम्ही पाहिली नसेल.

मी लागलो, आणि काय लागलो. कमलाकांतरावांनी स्वतः डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून दिली होती. चार-आठ दिवसांत पानं फुटली. मग पोरीला खोकला झाला की राजलक्ष्मीबाई पान तव्यावर जरासं गरम करायच्या, मऊ पडलं की पिळून रस काढायचा, त्यात मध, आणि बोटाला लावून चाटवायच्या. पोर तोंड वेडंवाकडं करायची आणि मग बोट पकडून ठेवायची. सांगायला हरकत नाही, ते बघताना मला फार बरं वाटायचं.

आणि मग आलं ते संयुक्त महाराष्ट्राचं वादळ.

मुंबई महाराष्ट्राला न देता दिल्लीच्या हाताखाली ठेवणार अशी बातमी आली आणि अख्खी चाळ पेटून उठली. दोघे भाऊ तर सगळ्यांच्या पुढे. पण एक अडचण होती. कमलाकांतराव केंद्र सरकारच्या कचेरीत हेडक्लार्क. त्यांना मोर्च्यात जाता येईना, सभेत बसता येईना. मग ते काय करीत? सकाळी मोरीचं दार लावायचं, नळ मोठा सोडायचा, तोंडात पंचा धरायचा आणि "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी घोषणा द्यायची. बाहेर आले की चेहरा असा, की अंघोळीशिवाय दुसरं काही केलं असेल अशी शंका येऊ नये. आणि चिंतामणी? तो एका खाजगी पेढीत. त्याला कुणाची भीती? तो मोर्च्यात घसा फोडून यायचा आणि घरी आला की माझी चार-चार पानं मिठाबरोबर चावायचा.

त्या दिवसांत फाउंटनपासून लालबागपर्यंत गोळ्या चालल्या. जी माणसं घरी परत आली नाहीत, त्यांच्यावर मी काही बोलणार नाही. माझी जीभ तिखट असली तरी तेवढी वळत नाही. मी बोलतोय ते घरी परत आलेल्यांबद्दल.

एके दिवशी चिंतामणीनं गॅलरीतून काळं निशाण लावलं. निषेध म्हणून. आता काळं कापड आणणार कुठून, हरताळामुळे दुकानं बंद. म्हणून त्यानं थोरल्या भावाच्या छत्रीचं कापड उसवलं. कमलाकांतराव कचेरीतून आले, त्यांनी निशाण पाहिलं, छत्री ओळखली आणि पांढरे पडले. समोरच्या चाळीत त्यांच्याच कचेरीतला माणूस राहत होता. त्यांनी निशाण ओढून आत घेतलं.

चिंतामणी सगळ्या चाळीसमोर म्हणाला, "दादा, तुमचा कणा सरकारजमा झालाय."

कमलाकांतराव म्हणाले, "आणि तुझं डोकं सभेत हरवलंय. उद्या माझी नोकरी गेली तर या घराला खायला तुझी समिती घालणार का?"

झालं. चूल वेगळी झाली. संयुक्त महाराष्ट्र व्हावा यावर दोघांचं पूर्ण एकमत होतं, म्हणून संयुक्त कुटुंब मोडलं. कमलाकांतरावांनी त्याच रागात सरकारी क्वार्टरसाठी अर्ज टाकला आणि गल्लीभर सांगून आले की आपण लवकरच इथून जाणार.

गॅलरीत आधी खडूची रेघ आली. मग बांबूची तट्टी आली, तरटानं मढवलेली. पश्चिमेची बाजू थोरल्यांची, पूर्वेची धाकट्यांची. चाळीतले लोक म्हणायचे, अलीकडे केंद्र सरकार आणि पलीकडे संयुक्त महाराष्ट्र. आणि माझा डबा कुठं? बरोबर रेघेवर. तो इतका जड की हलवला तर बूड सुटेल, म्हणून तट्टीलाच तिथं खालून चौकोन कापला आणि मी हद्दीवर बसलो, अर्धा इकडं, अर्धा तिकडं.

मग प्रश्न आला की मी कुणाचा. तुम्ही हसाल, पण यावर चाळ कमिटीची सभा भरली. सभेला ज्यांनी आयुष्यात माझं एक पान तोडलं नव्हतं तेही बोलले. इतिहास निघाला, भूगोल निघाला. फांदी आणली थोरलीनं, पण डबा धाकट्याचा. माती कुणाची, तर ती राणीच्या बागेतून आणलेली, म्हणजे म्युनिसिपालिटीची. शेवटी कमिटीचे सेक्रेटरी बंडूनाना उठले. हा गृहस्थ जिन्याशेजारच्या खोलीत एकटा राहायचा, लग्न नाही, उद्योग नाही, त्यामुळे सगळ्यांच्या घरात लक्ष घालायला मोकळा. त्यानं निकाल दिला, की वाद मिटेपर्यंत डबा केंद्रशासित राहील आणि प्रशासक तो स्वतः.

नियम असा ठरला, की ज्याच्या हद्दीत पान झुकेल, ते पान त्याचं. ऊन संध्याकाळी पश्चिमेकडून यायचं, म्हणून मी झुकायचो थोरल्यांकडं. मी काय करणार, मला राजकारणातलं काय कळतंय, मला ऊन कळतं. पण सुमतीला ते खपेना. दुपारी सगळे झोपले की ती डबा गर्रकन फिरवायची. डबा जड म्हणून हलवायचा नाही असं सभेत ठरलेलं, पण बायकांना फिरवायला तो हलका व्हायचा. दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मीबाई फिरवायच्या. परिणाम असा, की मी चहूबाजूंनी सारखा वाढलो. भांडणानं कुणाची तब्येत सुधारलेली पाहिलीत? माझी सुधारली. गिरगावात इतका गरगरीत पानओवा दुसरा नव्हता.

आणि प्रशासक? दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. बंडूनाना दर रविवारी येऊन "फांद्यांची छाटणी" करायचा आणि दुपारी त्याच्या खोलीतून माझ्या पानांच्या भज्यांचा वास यायचा. वर आपणच म्हणायचा, प्रशासनाला खर्च असतोच. डब्याच्या भोकांतून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर पाणी ठिबकतं अशी तक्रार आली, तेव्हा या विद्वानानं डांबर आणून माझी सगळी भोकं बुजवली. खालचे लोक खूश झाले. भोकं कशासाठी होती हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा खरा जीव कुणाचा जात होता, तर राजलक्ष्मीबाईंचा. पुरुषांची भांडणं पुरुषांना मानवतात. त्यांना चार माणसांत बोलायला विषय होतो. पण सुनंदाला तट्टीपलीकडं जायची बंदी झाली आणि या बाईचं घर एका दिवसात रिकामं झालं. सकाळी उठून त्या दोन वाट्या दूध गरम करायच्या आणि मग एक वाटी परत भांड्यात ओतायच्या. मी बघायचो. मला वाईट वाटायचं आणि मी काही करू शकत नव्हतो, म्हणून रागही यायचा.

पोर मात्र हुशार. माझ्या डब्याशेजारी तट्टीला बोटभर फट होती. ती पान तोडायच्या निमित्तानं तिथं उकिडवी बसायची आणि फटीतून हात घालायची. पलीकडून राजलक्ष्मीबाईंची बोटं यायची. पोर "मोठीआई" एवढं म्हणायची, तेही ओठांतल्या ओठांत. मग सुमतीची हाक आली की हात गुपचूप मागं. हे माझ्या पानांखाली चालायचं आणि मी शक्य तेवढी पानं खाली झुकवून झाकून ठेवायचो.

पुढं दिल्लीनं मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात यांचं एकच मोठं द्वैभाषिक राज्य केलं. चाळीत पुन्हा सभा. बंडूनानाला तोवर भज्यांचा कंटाळा आला होता, शिवाय पित्तही वाढलं होतं. त्यानं प्रशासकपदाचा राजीनामा दिला आणि जाहीर केलं, की वर जसं झालं तसंच खाली, डबा आता दोघांच्या कारभारात. पाणी कुणी घालायचं ते मात्र कुणीच ठरवलं नाही. एवढं मोठं राज्य चालवणाऱ्यांनाही असल्या बारीक गोष्टी सुचत नाहीत, तर बंडूनानाला कुठून सुचणार.

त्याच थंडीत सुनंदा आजारी पडली. खोकल्यानं पोर निळीजांभळी व्हायची. डॉक्टर येऊन गेले, बाटली देऊन गेले, पण उबळ काही थांबेना. तट्टीच्या अलीकडं राजलक्ष्मीबाई जमिनीवर बसून ते ऐकत होत्या. एकदा उठल्या, तट्टीपर्यंत गेल्या, पुन्हा बसल्या. कमलाकांतराव पेपर उघडून बसले होते आणि त्यांनी अर्धा तास पान उलटलं नव्हतं.

शेवटी राजलक्ष्मीबाई माझ्याकडं आल्या. चांगली तीन पानं निवडून तोडली. तव्याचा वास आला, मधाचा वास आला. चांदीची छोटी वाटी, सुनंदाच्या बारशातली, त्यांनी माझ्या डब्याच्या कडेला ठेवली, बरोबर हद्दीवर, आणि आत जाऊन दार लोटलं.

सुमती आली. तिनं वाटी पाहिली. बाई थकलेली होती, घाबरलेली होती, आणि वर थोरली जाऊ आपल्याला हिणवतेय अशी नवऱ्यानं तिची समजूत करून दिलेली होती. तिनं वाटी उचलली आणि सगळा रस माझ्याच मातीत ओतला. माझाच रस माझ्याच मुळाशी. सांगतो, इतकं कडू मला कधी लागलं नाही.

मग तिनं स्वतः पानं तोडली, कच्चीच वाटली, फडक्यातून पिळली आणि रस तसाच पाजला. पोरीनं ते सगळं उलटून टाकलं. पुन्हा उबळ, पुन्हा तेच. संध्याकाळ व्हायच्या आत सुमती गॅलरीत आली. तिच्या हातात तीच चांदीची वाटी होती, घासून लख्ख केलेली आणि रिकामी. तिनं ती माझ्या डब्याच्या कडेला ठेवली, तशीच, हद्दीवर. आत गेली आणि दार मात्र तिनं उघडं ठेवलं.

त्या रिकाम्या वाटीसाठी राजलक्ष्मीबाई कशा धावल्या ते सांगता येणार नाही. त्या दिवसापासून वाटी रोज भरलेली जायची, रिकामी यायची. पोर हळूहळू सावरली. पुरुषांना पत्ता नाही. ते आपले एकमेकांना जिन्यात बघून खाकरण्यात गुंतलेले.

आणि इथून माझे हाल सुरू झाले. पोरीचा जीव माझ्यावर आहे हे दोघींच्या मनानं घेतलं. राजलक्ष्मीबाईंना वाटे, सुमतीला कामाच्या रगाड्यात पाण्याची आठवण कुठून राहणार. सुमतीला वाटे, वहिनींचा मान मोठा, त्या हद्दीवरच्या डब्याला कशाला पाणी घालतील. मग एक सकाळी तांब्याभर घालायची, एक संध्याकाळी तांब्याभर. दोघींचाही जीव माझ्यावर. आणि खाली भोकं डांबरानं बंद. मला पाणी थोडं लागतं हो. माती सुकली की घोटभर, बस्स. पण सांगू कुणाला? पानं पिवळी पडली, तेव्हा दोघींनी वेगवेगळी काळजी केली आणि पाणी वाढवलं. अति तिथं माती म्हणतात, माझ्याकडं मातीचाही चिखल झाला.

देठं काळी पडली. वास बदलला. मग पुरुषांच्या लक्षात आलं. चिंतामणी म्हणाला, पलीकडून गरम पाणी ओतलं असणार. कमलाकांतराव म्हणाले, काही लोकांना विध्वंसाशिवाय काही जमतच नाही. बंडूनानानं चौकशी समिती नेमण्याची तयारी दाखवली. मी डोळ्यादेखत कुजत होतो आणि माझ्यावरच्या भाषणांना ऊत आला होता.

मला वाचवलं नळानं. म्युनिसिपालिटीनं पाण्याची वेळ बदलली. सकाळ-संध्याकाळचा नळ दुपारी एकदाच येऊ लागला. त्या दुपारी राजलक्ष्मीबाई तांब्या घेऊन तट्टीच्या अलीकडून वाकल्या आणि सुमती तांब्या घेऊन पलीकडून वाकली. दोन तांबे माझ्या डोक्यावर एकमेकांवर आदळले, ठण्णकन आवाज झाला.

राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, "तू घालतेस पाणी?"

"रोज. मला वाटलं, तुम्ही घालत नसाल."

"मी पण रोज घालते गं."

दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मग सुमतीच्या तोंडून हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. राजलक्ष्मीबाईंनी फटीतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला. "मारलं असतं आपण दोघींनी याला," एवढंच त्या म्हणाल्या.

लगेच मला उपटलं. मुळं बघून नाक मुरडलं, काळं ते सगळं कापून टाकलं, वरचे दोन हिरवे शेंडे राखले. सुमतीनं डांबर खरवडून भोकं मोकळी केली. राजलक्ष्मीबाईंनी पाणी साचू नये म्हणून मातीत जाडी वाळू मिसळली. आणि ठरलं, पाणी एकीनंच घालायचं, एक आठवडा हिनं, एक आठवडा तिनं. बघा, चाळ कमिटीला जे दोन सभांत जमलं नाही ते दोन बायकांनी हातातली माती झटकता झटकता ठरवलं. पण बाहेर चकार शब्द काढला नाही. नवऱ्यांची इभ्रत भांडणावर उभी होती, ती का मोडा. नवरे घरात असले की दोघी तट्टीच्या दोन बाजूंनी भांडी जोरात आपटायच्या. नवरे कामावर गेले की सुनंदा मोठीआईच्या मांडीवर.

असे दिवस गेले आणि शेवटी राज्य झालं. मुंबईसह महाराष्ट्र. एक मे जवळ आला, चाळीला दिव्यांच्या माळा लागल्या. एक तारखेला सकाळी कमलाकांतरावांनी मोरीचं दार उघडं ठेवून घोषणा दिली. चिंतामणी पेढ्याचा पुडा घेऊन तट्टी ओलांडून आला आणि म्हणाला, "दादा, चुकलं माझं." कमलाकांतराव म्हणाले, "छत्री नवी घेऊन दे म्हणजे झालं." दोघे गळ्यात पडून रडले. चाळीनं टाळ्या वाजवल्या. मलाही, काय सांगू, भरून आलं.

आणि त्याच आठवड्यात कमलाकांतरावांची क्वार्टर मंजूर होऊन आली. अँटॉप हिलला. रागाच्या भरात टाकलेला अर्ज, सरकार ते, राग गेल्यावर पावलं. चिंतामणी म्हणाला, आता कशाला जाता? राजलक्ष्मीबाई तर नवऱ्यापुढं चक्क हात जोडून बसल्या. पण कमलाकांतराव चार वर्षं गल्लीभर सांगत होते की आपण जाणार. आता न जाणं म्हणजे काय? तोंड कुणाला दाखवायचं? महाराष्ट्र एक झाला आणि आमचं घर, आता कुठं भांडण मिटलेलं असताना, खरोखर दोन झालं.

सामान खाली गेलं. पुरुष टेम्पोपाशी दोरखंड आवळत होते. राजलक्ष्मीबाई शेवटचं म्हणून गॅलरीत आल्या. सुमती माझ्याशेजारी उभी होती. राजलक्ष्मीबाईंनी माझ्या पानांवरून हात फिरवला. मला वाटलं, आता फांदी मागतील. पण त्या मागेनात. मागून नेलेलं लागत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्या पहिल्या चोरीची गोष्ट त्यांनी सुमतीला कैक दुपारी सांगितली होती.

सुमतीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि सरळ पाठ फिरवली. चार वर्षं दोघींनी एकमेकींना पाठ दाखवली होती, पण ही पाठ वेगळी होती. ती छताकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "या चाळीला चुना कधी काढणार कोण जाणे."

राजलक्ष्मीबाईंनी माझी एक फांदी खुडली आणि पदराच्या ओल्या टोकात गुंडाळली. आता निघायचं. पण पाय उचलेना.

तशीच पाठमोरी राहून सुमती म्हणाली, "अजून काही चोरायचं राहिलं असेल तर ते आत पाटावर बसलंय. वेणी घालून ठेवलीय. जूनपर्यंत न्या. शाळा उघडली की दर शनिवारी."

ती काही वळली नाही. चोरी होईपर्यंत वळायचं नसतं.

तर आता मी दोन ठिकाणी आहे. तुम्हा माणसांना ते जमत नाही, आम्हाला जमतं. इथं गिरगावात हा म्हातारा मी, आणि अँटॉप हिलला क्वार्टरच्या खिडकीत तोच मी, नव्या डब्यात. तिकडं मी छान लागलोय, असं सुनंदा सोमवारी परत आली की सांगते. चोरीचाच आहे ना. तट्टी अजून इथंच आहे. तिच्यावर बंडूनाना आपली धोतरं वाळत घालतो आणि म्हणतो, ऐतिहासिक वास्तू आहे, काढू नका.

चला, तुमचं पान चुरगळून झालं, माझं बोलून झालं. दुसरं पान हवं असेल तर घ्या, घसा बसलेला दिसतोय तुमचाही. फक्त जाताना प्रेमानं तांब्या उचलू नका. आज पाणी सुमतीनं घातलंय. आधी तिला विचारा.